तीन वाजताची खोली

५ जानेवारी २०२५, रविवार

डॉक्टर मनाली म्हणाल्या, पिल्लांचं वजन रोज एकाच वेळी करा आणि लिहून ठेवा. कंपनीने दिलेली नव्या वर्षाची डायरी कोरी पडली होती, ती घेतली. बाकी लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

भागी ही आईची मांजर. वीस ऑगस्टला आई गेली, तेव्हापासून भागी घरात फारशी टिकेना. डिसेंबरात पोट घेऊन परत आली आणि गॅलरीतल्या खोक्यात व्याली. तीन पिल्लं, आज सोळा दिवसांची. एक नंबर काळं, २४० ग्रॅम. दोन नंबर पट्ट्यांचं, २३०. तीन नंबर पांढरं, १७०. माझी बायको संघमित्रा म्हणाली, नावं ठेवू या. मी म्हटलं, जगली तर ठेवू. जासईच्या यार्डात बावीस वर्षं कंटेनर तपासतोय, नंबर घातला की गोंधळ होत नाही.

डॉक्टरांकडे जायचं कारण पिसवा. त्यांनी तीन नंबरच्या पाठीवरून बारीक फणी फिरवली, काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले. कण विरघळून तांबडे झाले.

"ही माती नाही, काका. पिसवांची विष्ठा आहे. म्हणजे पिल्लाचंच रक्त."

आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना बाजारातलं कोणतंही औषध लावायचं नाही. रोज फणी करायची, प्रत्येक वेळी फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. फिनाईल, कापूर, डांबराच्या गोळ्या, कडुलिंबाचं तेल, सगळं बंद. मांजर अंग चाटते, ते तिच्या पोटात जातं. भागीच्या मानेवर त्यांनी स्वतःच वजन बघून थेंब टाकले.

मग विचारलं, "ही आधी झोपायची कुठे?"

"आईच्या खाटेवर. पण ती खोली ऑगस्टपासून बंद आहे."

"उघडा आणि साफ करा."

मी हो म्हणालो. पण साडेचार महिने बंद असलेल्या खोलीत काय जगणार? यार्डात आम्ही कंटेनर बंद करतो, गॅस सोडतो, सील लावतो. उघडलं की झाडून काढायचं, एवढंच उरतं. बंद केलं की मरतं.

६ जानेवारी, सोमवार

वजन २५०, २३५, १७२. फणीत निघाल्या: नऊ, अकरा, चौदा.

संघमित्राने फणी कुठून आणली कोण जाणे. आईकडे होती तशीच, शिंगाची, एक दात तुटलेली. अशा फण्या बाजारात अजून मिळतात, बरं वाटलं.

८ जानेवारी, बुधवार

भागीला औषध लावून तीन दिवस झाले, तरी पिल्लांवर नव्या पिसवा. सतरा, वीस, छत्तीस.

आईच्या खोलीच्या दाराखालची फट चिकटपट्टीने बुजवली. दाराला नुसती कडी आहे. संघमित्रा झाडताना चुकून उघडेल म्हणून कडीत यार्डातलं प्लॅस्टिकचं सील ओवलं. ओढून बसवलं की कापल्याशिवाय निघत नाही. नंबर ४४७१०. बाकीचं पाकीट माझ्या बॅगेत.

"उघडू नकोस," तिला सांगितलं.

"मी कशाला उघडू?"

खरं आहे. ऑगस्टपासून ती त्या दाराकडे बघतही नाही. पंचवीस ऑगस्टला आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी होता, तेव्हा माझ्या तोंडून सगळ्यांसमोर गेलं होतं, "घरात माणूस असून आई एकटी गेली." दुपारी तीनला गेली असावी, असं आईला तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले होते. संघमित्रा तेव्हा कुठेतरी बाहेर होती. मी यार्डात. रागातलं वाक्य ते, ती ताटं उचलायला लागली. विषय संपला.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी दोन नंबर हलेना. हातात घेतलं तर गार. ओठ वर करून बघितलं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. काल २६० ग्रॅम होतं, दूध पीत होतं. मी तीन नंबरवर लक्ष ठेवून होतो आणि गेलं दोन नंबर.

संघमित्राने त्याला आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "मोत्या." म्हणजे नाव ठेवलेलं होतं.

तीन नंबर १९०. हिरड्या फिकट.

१२ जानेवारी, रविवार

खालच्या मजल्यावरचे दिलीपराव लिफ्टपाशी भेटले. रिटायर्ड माणूस, दिवसभर घरी.

"अंकुशराव, बोलू का? रागवायचं नाही."

"बोला ना."

"दुपारी तुमच्या त्या आतल्या खोलीत कोण चालतं हो? माझ्या बेडरूमच्या वरच. सपाता घासत. तीन वाजता सुरू होतं, अर्धा तास चालतं. तुमच्या आई चालायच्या अगदी तसं."

"ती खोली बंद आहे, दिलीपराव. सील आहे."

"घरात सील?" ते हसले. मग हसायचे थांबले. "बरं. वय झालं माझं. कानांचा भरवसा नाही."

आपल्यात भुतंखेतं मानत नाहीत. आई स्वतः मानायची नाही. कुणी अंगात आलं सांगितलं की म्हणायची, "त्याला आधी जेवाया घाल, मग इचार." मीही मानत नाही. नोंद म्हणून लिहिलं.

संघमित्राला विचारलं, दुपारी काही आवाज येतो का? म्हणाली, "मी झोपलेली असते." ती हल्ली घरात मोजे घालते. टाचा फुटल्यात म्हणे.

१४ जानेवारी, मंगळवार

यार्डातून आल्यावर सहज सील बघितलं. बसवलेलं, घट्ट, अखंड. नंबर ४४७१५.

आठ तारखेचं पान उलटून बघितलं. ४४७१०. नंबर चुकीचा लिहिणं मला जमत नाही, तेवढंच माझं काम आहे. बॅगेतलं पाकीट मोजलं. पाच सील कमी.

म्हणजे दार पाच वेळा उघडलं गेलं आणि पाच वेळा कुणीतरी नवं सील लावलं. चिकटपट्टीही तिथेच, पण कडा थोडी उचललेली. बॅग रात्रभर माझ्या खाटेजवळ असते. आई होती तेव्हा मी आलो की बॅग उघडून बघायची. लहानपणी मी शाळेतून चिंचा आणायचो, ती सवय तिला शेवटपर्यंत होती. तिला वाचता येत नव्हतं. नंबर बदलला तर कळेल, हे तिच्या लक्षात आलं नसतं.

हे वाक्य खोडायला हवं. राहू दे.

संघमित्राला सांगितलं नाही. उगाच घाबरेल.

१५ जानेवारी, बुधवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एकला घरी. तीन नंबर २०५, एक नंबर ३४०. दोघांवर मिळून एकेचाळीस पिसवा.

हॉलमध्ये खुर्ची टाकून दाराकडे बघत बसलो. संघमित्रा समोर मटार सोलत होती. तीन वाजायला दोन मिनिटं असताना भागी गॅलरीतून आली आणि दारापाशी बसली. दाराकडे पाठ करून. संघमित्राकडे बघत होती. एकटक. मग म्याव केलं, एकदाच.

"काय हवंय हिला?" मी.

"भूक लागली असेल," संघमित्रा म्हणाली, पण उठली नाही. बोटं चुकत होती, दाणे सालांच्या ढिगात पडत होते.

आतून काही आवाज आला नाही. साडेतीनला भागी उठून गेली.

यार्डातल्या हिरामणने काल एक ट्यूब दिली होती, त्याच्या कुत्र्याची. "चार भाग कर, एक भाग मांजरीला, थेंबभर पिल्लांना. दोन दिवसांत साफ." यार्डात आम्ही तेच करतो, जागा लहान तर डोस लहान. झाकण उघडलं होतं. मग वाटलं, भाग नक्की किती करायचे ते विचारून घ्यावं. फोन स्पीकरवर ठेवून डॉक्टरांना लावला.

"काका, ट्यूब खाली ठेवा. झाकण लावा. हाताला लागलंय?"

"नाही."

"कुत्र्याच्या त्या औषधाने मांजरं झटके येऊन मरतात. भाग कितीही करा. हात साबणाने धुवा आणि मग माझ्याशी बोला."

हात धुवून आलो. त्यांनी विचारलं, "खोली साफ केली?"

"बंद केली. सील लावलंय. उपाशी मरतील."

"मरणार नाहीत. मोठी पिसू मरेल, पण कोशातली नाही. ती महिनोन्‌महिने पडून राहते, खाटेच्या फटीत, गादीच्या शिवणीत. ती वाट बघते. जमीन थरथरली, कुणाचा श्वास, कुणाच्या अंगाची ऊब लागली, की ओळखते आणि बाहेर येते. तुमच्याकडे रोज नव्या येतायत, म्हणजे त्या खोलीत रोज कुणीतरी जातंय. तिथे चालतंय. आणि कपड्यांवरून त्या पिल्लांपर्यंत आणतंय."

"कुणीही जात नाही, डॉक्टर."

"मग मला माहीत नाही. पण त्या उगाच उठत नाहीत."

संघमित्रा मटाराची पाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता.

मी खोली उघडली नाही. आत रोज कुणी श्वास घेतंय, असं एका शिकलेल्या डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर कडीला हात लावायला मन धजेना.

१८ जानेवारी, शनिवार

सील ४४७१५. तीन दिवस तोच नंबर. पिसवा कमी: बारा, मग नऊ, आज सहा. तीन नंबरला दवाखान्यात नेलं, रक्त कमी आहे. लोहाचे थेंब दिलेत आणि दर तीन तासांनी पिल्लांचं दूध पाजायचं.

दिलीपराव म्हणाले, "आवाज थांबला हो. बुधवारपासून."

तेव्हा सीलचा उपयोग झाला. उशिरा झाला, पण झाला.

१९ जानेवारी, रविवार

सखू मावरं घेऊन आली. दिवाळे गावची कोळीण, माशांची पाटी घेऊन आमच्या सेक्टरात रोज फिरते. भागी तिच्या आवाजाने धावते. सखूने मला पिल्लांना फणी करताना बघितलं.

"काय रं, पिसवा झाल्यान? घर बंद ठेवलंव का? आमचे घरान पन, पावसाचे सुटीला म्हायेरी जाऊन आलू का दार उघरल्यावर पयले पाय टाकील त्याला चावतान. बंद घराला मानसाची भूक लागते."

मग भागीपुढे दोन मांदेली टाकून म्हणाली, "ही म्हातारीची लाडाची. नारली पुनवंचे दुसरे दिशी होड्या नव्या सुटल्या व्हत्या, तवा तुजी बायको भर दुपारची जेटीवर आली, घामाघूम. मी बोललू, आगो बाय, मी उद्या येतंच हाय ना. ती बोलली, आई ऐकत नाय, मांजरीला पयले होडीचं मावरं आजच पायजे. मी मुठभर फुकट दिली. तिकरं म्हातारी त्याच दिशी गेली ना?"

नारळी पौर्णिमा एकोणीस ऑगस्टला होती, दुसरा दिवस म्हणजे वीस. सखूचा दिवस चुकला असेल. संघमित्रा दाराआडच उभी होती, तिने काही दुरुस्त केलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

तीन नंबर २४५. एक नंबर ४२०. पिसवा चार.

संघमित्राचं काहीतरी बिनसलंय. जेवत नाही. दुपारी मी फोन केला तर तीन वाजता उचलत नाही, चारला उचलते. विचारलं तर म्हणते, "घरीच होते." ते तर मला माहीतच आहे. मी कधी म्हणालो, नव्हतीस?

२५ जानेवारी, शनिवार

डॉक्टरांना सांगितलं, पिसवा कमी झाल्या. त्या म्हणाल्या, "छान. पण कोश अजून आत आहेत. पिल्लं आता पाच आठवड्यांची झाली, घरभर फिरतील. कधीतरी दार उघडेलच. तेव्हा सगळ्या एकदम उठल्या तर ते पांढरं पिल्लू वाचणार नाही. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घाला, आत जा आणि चाला. किती आहेत ते दिसेल."

मोजे आणले, दोन जोड. दोन का आणले, माहीत नाही.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीचं झेंडावंदन करून घरी आलो. संघमित्रा अजून खालीच होती, लाडू वाटत. मोजे चढवले, सील कापलं, चिकटपट्टी ओढली.

मला वाटलं होतं कोंदट वास येईल, जाळी असतील. पाच महिने बंद असलेल्या जागेचा वास मी ओळखतो. तसा तो नव्हता. खिडकीच्या चौकटीवर धूळ नव्हती. खाटेवर धुतलेली चादर होती, निळ्या फुलांची. ही चादर मी संक्रांतीच्या आठवड्यात गॅलरीत वाळताना बघितली होती. खाटेखाली आईच्या सपाता, जोडीने, आतल्या बाजूला तोंड करून. उशाशी आईची फणी ठेवायची पितळी डबी. रिकामी.

मी चालू लागलो. खिडकीपर्यंत आणि परत. दहा पावलं झाली नसतील, मोज्यांवर तीळ सांडावेत तसं दिसलं. मग ते तीळ वर चढू लागले. खाली बघितलं तर फरशीच्या सांध्यांतून, खाटेच्या पायातून, काही नव्हतं तिथून येत होते. सगळे माझ्याकडे. इतके महिने वाट बघून कुणीतरी आलं म्हणून.

मी उशी उचलली. खाली पाच कापलेली सील, ओळीने. ४४७१०, ११, १२, १३, १४.

मागे दारात संघमित्रा होती. हातात लाडवांची पिशवी तशीच.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"सव्वीस ऑगस्टपासून. तुमच्या सुट्ट्या सोडून रोज."

"काय करायचीस इथे?"

"काही नाही. आईंच्या सपाता घालून चालायचे, मग बसायचे. मोठ्या होतात मला, घासतात. त्या दिवशी तीन वाजता मी घरी नव्हते ना. म्हणून आता असते."

मला सखू आठवली. होड्या, जेटी, मूठभर मांदेली. विचारायचं होतं, तू त्याच वेळी सांगितलं का नाहीस. पण सगळ्यांसमोर बोललो होतो मी, विचारलं कुणालाच नव्हतं.

तीच म्हणाली, "मोत्याला मीच मारलं. इथून उठून त्यांना मांडीवर घ्यायचे. डॉक्टर बोलल्या त्या दिवशी कळलं मला."

"मी बंद केलं म्हणून झालं ते. पाच तारखेला उघडायला सांगितलं होतं त्यांनी."

मोज्यांवरून पिसवा गुडघ्याशी आल्या होत्या. दुसरी जोडी तिला दिली.

२ फेब्रुवारी, रविवार

रोजचं काम असं. मी सकाळची पाळी मागून घेतली, अडीचला घरी येतो. तीनला दोघं पांढरे मोजे घालून आत जातो आणि चालतो, म्हणजे आहेत त्या उठतात. मग व्हॅक्यूमच्या मशीनने खाट, फटी, सांधे. पिशवी बांधून लगेच बाहेर. चादर गरम पाण्यात. कपडे बदलल्याशिवाय पिल्लांना हात नाही. गादी दुपारपर्यंत गच्चीवर. डॉक्टर म्हणाल्या, कोशांवर औषध चालत नाही, त्यांना उठवावंच लागतं.

पहिल्या दिवशी मोजता आल्या नाहीत. मग एकशे चाळीस, पंच्याण्णव, आज अडतीस. आपण चालतो म्हणून कुणीतरी जागं होतं, याची सवय होत नाही.

चालताना ती बोलते. वीस ऑगस्टचं सगळं सांगितलं, आई कशी रुसली होती तेसुद्धा. "तू जात न्हाईस तर मी जाते काठी घिऊन, म्हणाल्या." मी ऐकलं. मग ते वाक्य मी परत घेतलं. चारचौघांत बोललो होतो, बंद खोलीत परत घेतलं, हे पुरेसं नाही. तिच्या भावाला फोन करून सांगितलं. माझ्या दोन्ही बहिणींनाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

तीन. कालही तीन. पिल्लांवर एकही नाही. पांढऱ्याचं वजन ६१०. त्याच्या हिरड्या गुलाबी आहेत. नाव चांगुणा ठेवलंय, आईचं. संघमित्राने विचारलं, चालेल ना? ती मादी आहे हे मला आजच कळलं.

२ मार्च, रविवार

गेले आठ दिवस मोजे कोरे. पिल्लं दहा आठवड्यांची झाली, काल डॉक्टरांनी त्यांनाही वजनाप्रमाणे मांजरांचे थेंब लावले. म्हणाल्या, संपलं असं समजा, महिनाभर फणी चालू ठेवा.

तरी तीनला आत गेलो. खिडकी उघडी, दार उघडं. मोजे घालून फेऱ्या मारल्या, खिडकीपर्यंत आणि परत. काही उठलं नाही. फरशीवर फक्त ऊन. भागी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. आम्ही तिच्या डावीकडून जात होतो आणि ती उजवीकडे बघत होती, मान हळूहळू फिरवत, खिडकीपर्यंत आणि परत.

"आता पुरे, अहो," संघमित्रा म्हणाली.

"अजून एक फेरी."

साडेतीनला दिलीपरावांचा फोन आला.

"अंकुशराव, तुम्हीच चालता ना हल्ली दुपारी? आमच्या हिने मला सांगितलं, पिसवांसाठी म्हणून."

"हो, आम्हीच."

"तेच म्हटलं. एवढे दिवस काही ऐकू येत नव्हतं. आज परत आलं, सपाता घासत. म्हटलं, विचारून घ्यावं."

मी माझ्या पायांकडे बघितलं, मग तिच्या. मोज्यांचा आवाज होत नाही. आईच्या सपाता गुरुवारी धुतल्यात, तेव्हापासून गॅलरीच्या कठड्यावर वाळतायत.

"आम्हीच होतो, दिलीपराव," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

संघमित्राने ऐकलं होतं. ती गॅलरीत गेली, सपाता घेऊन आली, पदराने पुसल्या आणि खाटेखाली ठेवल्या, आतल्या बाजूला तोंड करून. चांगुणा त्यांच्यावर डोकं टेकून झोपली.

सीलचं उरलेलं पाकीट उद्या यार्डात परत नेतो. दार उघडंच ठेवलंय.